हात किती वेळा धुतले, हा प्रश्नच नाही

कोविडकाळात वीस सेकंद हात धुवा, असं सगळेच सांगत होते. मग संसर्गाच्या धास्तीतला मंत्रचळ (ओसीडी) ओळखायचा कसा? १९८९पासून वापरात असलेली येल-ब्राउन मोजपट्टी इथे फार मोलाची. प्रश्न १०, प्रत्येकी ० ते ४ गुण. नकोशा विचारांत आणि कृतींत वेळ किती जातो, कामं किती अडतात, जीव किती कासावीस होतो, स्वतःला थांबवता येतं का, हे ती विचारते. दुधाची पिशवी एकदा धुणं ही खबरदारी. अशाच धुण्यापुसण्यात रोज तीन तासांहून अधिक गेले, तर त्या एका प्रश्नालाच ३ गुण. एकूण १६ ते २३ मध्यम, २४पासून तीव्र. निदान मात्र मनोविकारतज्ज्ञांकडूनच करून घ्या. टेलि-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. संकोच न करता फोन करा.