थांबलेली गिरणी, बंद पडलेला सर्व्हर

पुण्यातल्या एका व्यापाऱ्याचा सर्व्हर मी सांभाळत असे. एकदा तो माझ्या चुकीने तीन दिवस बंद राहिला आणि त्यांची मोठी ऑर्डर हुकली. माझे मानधन महिना आठ हजार. मागणी आली नऊ लाखांची! लेखी करार नव्हता. शिवाय व्यवसाय माझ्या एकट्याच्या नावावर, म्हणजे धंद्याचे देणे थेट राहत्या घरापर्यंत पोचणारे.

उत्तर शोधताना १८७२चा भारतीय करार कायदा उघडला. कलम ७३खालच्या उदाहरणांत एक गिरणी भेटते. यंत्रावाचून गिरणी थांबली आहे, असे सांगून मालक ते यंत्र वाहतूकदाराकडे देतो. वाहतूकदार विनाकारण उशीर करतो आणि मालकाचे सरकारी कंत्राट जाते. कायदा म्हणतो, उशिराच्या काळातला सरासरी नफा द्यावा. कंत्राटाचे नुकसान मात्र त्याच्या माथी नाही. करार करताना दोघांना जे ठाऊक होते, जबाबदारी तिथवरच.

या आधारावर आमची तडजोड झाली. पण कायदा भरपाईला आकड्याची मर्यादा घालत नाही. ती करारातच लिहावी लागते. आता मी जबाबदारीची कमाल रक्कम आणि बॅकअप कोणी घ्यायचा, हे आधी लिहितो. ‘सर्व नुकसानीची हमी’ हे शब्द दिसले, की सही थांबवतो. २००८च्या कायद्याने आलेली मर्यादित दायित्व भागीदारीही स्वतःच्या चुकीपासून वाचवत नाही.

घर वाचवणारा कागद काम सुरू होण्याआधीच लिहावा लागतो.