गंजाची वही (भाग ६) : पाइपच्या पोटातलं मीठ

जव्हार-मोखाड्याच्या वाटांवर चिखलाने माखलेली गाडी लोक दुसऱ्याच दिवशी धुऊन घेतात. केळव्याला किंवा चिंचणीला जाऊन आलेली गाडी मात्र दिसायला स्वच्छ असते, म्हणून आठवडाभर तशीच उभी राहते. गंजाच्या हिशेबाने घाई दुसऱ्या गाडीची करायला हवी. चिखल दिसतो, मीठ दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

गेल्या आठवड्यात रंगाच्या थराखालून गंज कसा पसरत जातो ते पाहिलं. आज पालघर आणि बोईसर-तारापूर पट्ट्यातल्या थार, जिमनी, गुरखा, जुन्या जिप्सी यांच्या अंगावर वरून चढवलेल्या लोखंडाकडे वळू : टपावरचा कॅरियर, दाराखालचा रॉक स्लायडर, इंजिनाखालची स्किड प्लेट, जेरी कॅनची चौकट. समोरचा बुलबार मी मुद्दाम वगळतो आहे. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने अशा क्रॅश गार्डवर कारवाई करायला राज्यांना सांगितलं होतं. जी वस्तू काढूनच टाकायची, ती गंजू नये म्हणून खर्च कशाला?

आधी मिठाचं बघू. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, तेच लोखंडावर बसलेल्या खाऱ्या थराचं होतं. नुसतं सोडियम क्लोराइड हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की ओलं होतं. पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते ३३-३५ टक्क्यांनाच पाणी ओढू लागतं. म्हणजे जानेवारीतल्या कोरड्या वाटणाऱ्या दुपारीही सातपाटी-शिरगावच्या वाऱ्यात उभ्या असलेल्या गाडीवरचा तो थर ओलसर असू शकतो. आणि गंज चढताना क्लोराइड खर्च होत नाही. ते गंजाच्या मुळाशी, खड्ड्याच्या तळाशी साठून राहतं आणि तिथे पुन्हा पाणी ओढतं. वायर ब्रश मारून वरून रंग दिला की सहा महिन्यांत त्याच जागी फोड येतो, तो यामुळे. ब्रशने वरचा गंज निघतो, मीठ जागेवरच राहतं. म्हणून घासायच्या आधी आणि घासल्यावरही गोड्या पाण्याने भरपूर धुणं हे रंगकामातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात टाळलं जाणारं काम आहे.

बोईसरला या मिठात कारखान्यांची हवा मिसळते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर औद्योगिक वसाहत ९३.६९ गुणांनी देशात सर्वांत वर होती. हा आकडा हवा, पाणी आणि जमीन यांचा एकत्रित आहे, त्यावरून रॉक स्लायडर किती वर्षं टिकेल हे काढता येणार नाही. पण गंधकाची संयुगं आणि आम्लाच्या वाफा ओल्या लोखंडाला मानवत नाहीत, यात शंका नाही. हवा लोखंडाला किती खाते याची आयएसओ ९२२३ या मानकात सी-१ पासून सी-५ पर्यंत आणि त्याहीवर एक, अशी प्रतवारी आहे. समुद्राकाठच्या आणि फार प्रदूषित जागा सी-४, सी-५ मध्ये मोडतात. सी-५ मध्ये उघडं लोखंड पहिल्या वर्षात ८० ते २०० मायक्रॉन झिजतं, तर जस्त फक्त ४.२ ते ८.४ मायक्रॉन.

आता लोकांना पटत नाही अशी गोष्ट. चार महिने कोसळणारा आपला पाऊस गाडीच्या उघड्या भागाचं बरंच भलं करतो, कारण तो मीठ धुऊन नेतो. जिथे पाऊस पोचत नाही तिथे मीठ साचत जातं आणि दमट हवा त्याला ओलं ठेवते. कॅरियरचा वरचा दांडा चकचकीत असतो, हात फिरवून खालची बाजू तपासा. स्किड प्लेटच्या आतल्या अंगाला जव्हारचा चिखल वाळून बसलेला असतो आणि त्या चिखलात आधीचं मीठ मुरलेलं असतं. वॉशिंगवाला फवारा मारतो तो बाहेरून, आणि गिऱ्हाईकही बाहेरूनच बघतं.

सगळ्यात वाईट जागा म्हणजे पाइपचं पोट. फॅब्रिकेशनवाला पाइप वाकवतो, वेल्डिंग करतो, रेड ऑक्साइड मारतो, वर काळा रंग. हे सगळं बाहेरून. आतलं लोखंड कोरंच राहतं आणि टोकाला प्लॅस्टिकचं बूच बसतं. दिवसा पाइप तापला की आतली हवा बाहेर पडते, रात्री गार झाला की दमट हवा आत ओढली जाते आणि तिचं दव आतच धरतं. पाइप एक तर पूर्ण वेल्ड करून हवाबंद करावा, नाहीतर सर्वांत खालच्या बिंदूला पाणी निघेल असं भोक पाडावं. बूच लावून अर्धवट झाकलेला पाइप या दोन्हींहून वाईट.

तारापूर हे जेएसडब्ल्यूच्या जस्ताचा मुलामा दिलेल्या आणि रंगीत पत्र्यांच्या कारखान्याचं गाव. तिथे राहून आपण गाडीला मात्र नुसती पावडर कोटिंग करून घेतो! पावडर कोटिंग दिसायला छान, ६० ते १०० मायक्रॉन जाड, पण एक दगड लागला की तिथून पाणी आत शिरतं. त्याखाली फॉस्फेटिंग, म्हणजे रंगाआधी लोखंडावर द्यायचा फॉस्फेटचा थर, झालंय का, आणि त्यासाठी हौदांत धुण्या-बुडवण्याची सेव्हन टँक प्रोसेस आहे का, हे तरी दुकानात विचारावंच. माझं मत विचाराल तर ३ ते ६ मिलिमीटर जाडीच्या वस्तूला आधी हॉट डिप गॅल्व्हनायझिंग करावं. ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवल्यावर सरासरी ७० मायक्रॉनचा थर बसतो. जस्त झिजण्याचा वर दिलेलाच दर लावला तर हे जस्त सी-५ मध्येही आठ ते सोळा वर्षं पुरेल. उलट बाजारातल्या पिवळसर झिंक प्लेटिंगचे पाच-आठ मायक्रॉन वर्ष-दोन वर्षांत संपतात. शिवाय ओरखडा पडला तरी शेजारचं जस्त स्वतः झिजून लोखंडाला सांभाळतं, रंगाला हे जमत नाही.

मात्र गॅल्व्हनायझिंगला द्यायच्या पाइपला भोकं हवीतच, आणि ती बनवतानाच पाडायला हवीत. बंद पाइपमध्ये अडकलेली ओल त्या हौदात क्षणात वाफ होते आणि पाइप फुटतो, शेजारी उभ्या माणसासकट. जस्तावर काळा रंग हवाच असेल तर पावडर कोटिंगवाल्याला आधी हलकं ब्लास्टिंग करायला सांगा. नाहीतर रंग जस्ताला नीट धरत नाही.

आधीच गंजलेल्या वस्तूचं काय? काही लोक संडास साफ करायचं ॲसिड ओततात. गंज जातो हे खरं, पण ते हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, म्हणजे सांध्यांत पुन्हा क्लोराइडच. टो हुकचे किंवा विंचचे बोल्ट तर त्यात कधीच बुडवू नयेत. डोक्यावर १०.९ किंवा १२.९ कोरलेल्या कडक पोलादात आम्लातून निघणारा हायड्रोजन शिरतो, आणि तो बोल्ट पुढे कधीतरी ताण येताच काडीसारखा मोडतो. त्यापेक्षा गंज काळा करणारं कन्व्हर्टर बरं. त्यात फॉस्फरिक आम्ल असतं किंवा टॅनिन. टॅनिन लोखंडाशी मिळून काळं पडतं, हे आपल्याकडे फार जुनं ज्ञान आहे : हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) यांची काळी शाई याच रसायनावर बनायची. कन्व्हर्टर पातळ, घट्ट गंजावरच चालतं. पापुद्रे सुटत असतील तर ते आधी खरवडून काढावेच लागतात.

राहिलं गॅरेजमधलं जळकं ऑइल. धुऊन झाल्यावर खालून ते फवारायची पद्धत पालघरपासून मनोरपर्यंत दिसते. थोडा उपयोग होतो, नाकारत नाही. पण त्याने रबराचे बुश फुगतात, धूळ चिकटते आणि उरलेलं ऑइल ठिबकत शेतात, ओढ्यात जातं. डांबरी अंडरकोटिंगही मला पसंत नाही. एकदा तडकलं की ते पाणी आत धरून ठेवतं आणि वरून काहीच कळत नाही. मेणाचं किंवा लॅनोलिनचं, लांब नळीने पाइपच्या पोटात फवारता येणारं कोटिंग घ्या, आणि ते दरवर्षी मे महिन्यात, सगळं कोरडं असताना द्या. त्याच वेळी कॅरियरचा प्रत्येक बोल्ट एकदा सोडवून, ग्रीस लावून परत बसवा. पावसाळ्यानंतर तो सुटेलच याची खात्री नसते, आणि मग ग्राइंडर लागतो.

पुढच्या भागात स्टेनलेसच्या बोल्टांबद्दल : ३०४ आणि ३१६ यांत फरक काय, आणि ॲल्युमिनियमच्या कॅरियरमध्ये स्टेनलेस बोल्ट घातला की बोल्ट शाबूत राहून कॅरियर का खाल्ला जातो.