बंपरमागची जागा

भोसरी एमआयडीसीतल्या गॅरेजचा पत्रा मे महिन्याच्या दुपारी नुसता भाजून निघतो आहे. आत पहिल्या पिढीची ऑक्टाव्हिया आरएस स्टँडवर चढवलेली, पुढचा बंपर उतरवून भिंतीला टेकवलेला. अठराशे सीसीचं टर्बो पेट्रोल इंजिन, प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, कंपनीतून निघाली तेव्हा दीडशे अश्वशक्तीची. आता ट्यूनिंग झालं आहे, बूस्ट एक बारच्या आसपास गेला आहे, आणि त्याच्या पाठोपाठ उष्णता आली आहे.

मालक पंचविशीतला, चाकणला नोकरी करणारा. लॅपटॉप बोनेटच्या कडेवर ठेवून तो गॅरेजच्या काकांना तासाभरापूर्वीचा आलेख दाखवतो आहे. बाहेर ३९ अंश. तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल दिला, तर इंजिनात जाणारी हवा ७१ अंशांवर पोचली. नॉकिंग होऊ नये, म्हणजे इंधन आपोआप अवेळी पेटू नये, म्हणून ईसीयूने, इंजिनाच्या संगणकाने, तिथेच ठिणगीचं टायमिंग मागे घेतलं.

"म्हणजे काका, पैसे भरून वाढवलेली पॉवर उन्हाळ्यात गाडी स्वतःच काढून घेतेय."

"घेणारच. इंजिन वाचवतेय ती." काका खाली बसतात आणि पुढच्या उजव्या चाकासमोर बोट करतात. तिथे, बंपरच्या कोपऱ्यात, मूळ इंटरकूलर उभा बसवलेला आहे. अरुंद, आणि खालच्या बाजूने चिखलाने लिंपलेला. बंपरमधल्या एका खाचेतून त्याला वारा मिळतो आणि तापलेला वारा चाकाच्या खोबणीत निघून जातो. दीडशे अश्वशक्तीला तो पुरत होता.

हिशेब सरळ आहे. टर्बो हवा दाबतो आणि दाबलेली हवा तापते. टर्बोची कार्यक्षमता सत्तर टक्के धरली, तर एक बार बूस्टला ३९ अंशांची हवा टर्बोतून सुमारे १४० अंशांवर बाहेर पडते. तापलेली हवा विरळ असते, तिच्यात प्राणवायू कमी मावतो. ती इंजिनात शिरण्याआधी निववायची, एवढंच इंटरकूलरचं काम. टर्बोने घातलेल्या शंभर अंशांपैकी हा कोपऱ्यातला जुना तुकडा सत्तरेक काढतो. उरलेल्या तीसेक अंशांचं काय करायचं, यावर आता चर्चा चालली आहे.

टेबलावर तीन पर्याय मांडले आहेत. मालकाचा हात सारखा पहिल्याकडे जातो: ६०० बाय ३०० मिलिमीटरचा, ७६ मिलिमीटर जाडीचा, बार-अँड-प्लेट बांधणीचा भलामोठा फ्रंट माउंट. बंपरच्या जाळीतून तो चमकताना दिसेल, हे त्याने न सांगताही कळतं. दुसरा त्याच बांधणीचा, पण निम्म्या उंचीचा आणि बराच पातळ. तिसरा पाण्याचा: दाबलेली हवा पाण्याला उष्णता देते, आणि ते पाणी वेगळ्या पंपाने पुढच्या छोट्या रेडिएटरमध्ये फिरतं.

पाण्याच्या पर्यायावर काका फार वेळ घालवत नाहीत. "ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग मारायचंय का तुला? पाच-पंधरा सेकंदांचा खेळ असेल तर हा राजा आहे. पाणी तेवढी उष्णता गपकन पितं. पण तू खंबाटकी चढणार, पुढे कोल्हापूरपर्यंत जाणार. एकदा पाणी तापलं की ते निवायलाही वारा लागतोच ना? वर पंप, टाकी, वायरिंग." मला हे पटतं, पण एक भर घालावीशी वाटते: आजच्या कितीतरी छोट्या टर्बो पेट्रोल गाड्यांत कंपनीच पाण्याचा इंटरकूलर थेट इनटेक मॅनिफोल्डमध्ये बसवते. तिथे पाइप आखूड राहतात आणि जागा वाचते. कल्पना चांगलीच आहे, या गाडीच्या वापराला ती जुळत नाही एवढंच.

शेजारी सर्व्हिसला आलेली जुनी फॉर्च्युनर उभी आहे, बोनेटवर हवेचं तोंड असलेली. मालक तिकडे बघतो. काका मान हलवतात. तिचा इंटरकूलर इंजिनाच्या डोक्यावर आहे, पाइप एकदम आखूड. पण सिग्नलला थांबली की खालून इंजिन त्याला भाजत राहतं. नाशिक फाट्याच्या गर्दीत रोज अडकणाऱ्या पेट्रोल गाडीला ती जागा नको.

मग दोन फ्रंट माउंट उरतात. "काका, मोठा घेतला तर लॅग वाढेल असं सगळे सांगतात," मालक म्हणतो. लॅग म्हणजे पेडल दाबल्यावर बूस्ट यायला लागणारा उशीर. इथे काका खडू घेऊन जमिनीवर गणित मांडतात. मोठ्या कोरच्या, म्हणजे इंटरकूलरच्या गाभ्याच्या, आत जास्तीची पाचेक लिटर जागा असेल. तीन हजार आरपीएमला हे इंजिन सेकंदाला चाळीस-पंचेचाळीस लिटर हवा ओढतं, बूस्ट आला की त्याहून पुष्कळ जास्त. ती पाच लिटर भरायला सेकंदाचा दहावा भाग लागेल. लॅगची भीती फुगवून सांगितली जाते, यात मला शंका नाही. खरा तोटा दुसरीकडे आहे, आणि त्याबद्दल लोक कमी बोलतात.

तो दाखवायला काका मोठा कोर गाडीच्या तोंडाशी धरायला लावतात. एसीचा काँडेन्सर आणि इंजिनाचा रेडिएटर, दोन्ही जवळजवळ पूर्ण झाकले जातात. "आता वारा आधी ह्याच्यातून तापून जाणार, मग एसीला मिळणार, मग रेडिएटरला. मे महिन्यात घरचे मागच्या सीटवर बसले की तुला कळेल." शिवाय जाडी. ७६ मिलिमीटरच्या कोरमधून जाणारा वारा मागच्या भागात पोचेपर्यंत तापलेलाच असतो, त्यामुळे मागची जाडी निम्मी फुकट. "चहा बशीत ओतला की निवतो, उंच पेल्यात निवत नाही. वाऱ्याला समोरची रुंदी दे, जाडी देऊ नको."

मालक लगेच हार मानत नाही. जड कोर उष्णता जास्त वेळ झेलतो, हा त्याचा मुद्दा बरोबर आहे. बार-अँड-प्लेटचं ॲल्युमिनियम वजनदार असतं, दोन-तीन जोराच्या पल्ल्यांत ते ढिम्म राहतं. पण एकदा तापलं की निवायलाही तेवढाच वेळ घेतं. दुसऱ्या बांधणीचा, ट्यूब-अँड-फिन कोर हलका, मागे जास्त वारा सोडणारा, मात्र दगड लागला की लवकर फुटणारा. आपल्या रस्त्यांचा विचार करता पातळ बार-अँड-प्लेट हाच मधला मार्ग, असं मलाही वाटतं. दाबाची घटही बघावी लागते: कोरमध्ये ०.१ बार गेला, तर तो भरून काढायला टर्बोला जास्त फिरावं लागतं आणि हवा आणखी तापते. काका पातळ कोरच्या दोन्ही टोकांच्या टाक्या उजेडात धरून आतून बघतात. तोंडाशी हवा एकाच बाजूला आदळणार नाही, सगळ्या नळ्यांत पसरेल असा उतार आहे. त्यांना तो पसंत पडतो.

ठरतं. पातळ कोर, बंपरच्या खालच्या उघड्या जागेत, काँडेन्सरचा वरचा भाग मोकळा सोडून.

तेवढ्यावर काका थांबत नाहीत. कोर तात्पुरता अडकवून, बंपर लावून, पोऱ्याला स्टँडचा पंखा गाडीसमोर ठेवायला सांगतात आणि दोन उदबत्त्या पेटवतात. धूर कोरमधून जायचा सोडून कडेच्या फटींतून सुटतो. मालक वाकून बघतच राहतो. वारा नेहमी सोपी वाट धरतो. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि फोम लावून फटी बुजवल्यावर धूर जाळीतून आत ओढला जातो. संपूर्ण दुपारीत मला सर्वांत मोलाची वाटली ती ही गोष्ट. हजारो रुपयांचा कोर घेणारे लोक हे शंभर-दोनशे रुपयांचं काम सोडून देतात, आणि मग कोरला दोष देतात.

पाइप कापले जातात, आर्गन वेल्डिंगचा निळा उजेड भिंतीवर नाचतो, सिलिकॉनचे होज टी-बोल्ट क्लॅम्पने आवळले जातात. मग साबणाचं पाणी मारून, हवा भरून गळती तपासतात. एका सांध्यावर बुडबुडे येतात, तो पुन्हा बांधतात.

सात वाजता गाडी बाहेर निघते. मी मागच्या सीटवर आहे, लॅपटॉप मालकाच्या मित्राच्या मांडीवर. बाहेर ३५ अंश. मोकळ्या रस्त्यावर तोच तिसरा गिअर, तोच पल्ला. हवा ५१ अंशांवर थांबते.

"वीस अंश कमी!" मित्र ओरडतो.

"आकडा नको बघू, फरक बघ," काका पुढून म्हणतात. "दुपारी बाहेरपेक्षा ३२ वर होती, आता १६ वर आहे. वीस म्हणून सांगितलंस तर चार अंश संध्याकाळचेच आहेत."

परतीच्या वाटेवर सिग्नलला मुद्दाम एसी चालू ठेवून थांबतो. रेडिएटरचा पंखा सुरू होतो, बंद होतो, कूलंटचा काटा जागचा हलत नाही. एसीची हवा थंडच आहे. काका फोन काढून ट्यूनरला सांगतात की टायमिंगला हात लावायच्या आधी उद्या भर दुपारी, एक वाजता, हेच सगळं पुन्हा मोजायचं आहे.