गिअरची मूठ घरी करायची? मग भोकाकडे बघा

गाडीच्या गिअरसाठी मनासारखी मूठ करायची म्हटली की पहिला सल्ला लेथ मशीनचा मिळतो. त्याची गरज नाही. लाकडाचा एक ठोकळा, कानस, हातातलं ड्रिल मशीन आणि दोन-चार प्रकारचे पॉलिश पेपर एवढ्यात काम भागतं. लाकूड मात्र पुरतं वाळलेलं हवं. बैलगाडीला बाभूळ चालते म्हणून शेतातली ओली फांदी तोडून आणलीत, तर वर्धा जिल्ह्याच्या कोरड्या उन्हाळ्यात तिला तडा गेलाच म्हणून समजा. जुन्या चौकटीतला सागाचा तुकडा सगळ्यात बरा.

खरी गोम आहे मुठीच्या तळाच्या भोकात. ‘आटे काय, सगळे सारखेच’ हा समज इथे महागात पडतो. होंडाच्या बहुतेक गाड्यांत दांडीचा व्यास १० मिमी आणि आट्यांचं अंतर, म्हणजे पिच, १.५ मिमी असतं. टोयोटात बहुधा १२ मिमी आणि १.२५. हार्डवेअरच्या दुकानातला साधा १० मिमीचा नट १.५ पिचचाच असतो, म्हणून होंडावाल्याचं जमतं. साधा १२ मिमीचा नट मात्र १.७५ पिचचा. तो टोयोटाच्या दांडीवर दोन फेरे जातो, अडतो, आणि जोर लावला की दांडीचेच आटे खातो. काही गाड्यांच्या दांडीला आटेच नसतात, मूठ दाबून बसवलेली असते. तेव्हा आधी जुनी मूठ काढून बघा, मगच नट घ्या.

नट लाकडात अॅराल्डाइटसारख्या इपॉक्सीने चिकटवला की झालं, असंही मानतात. वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि उन्हात बंद उभ्या गाडीच्या आतली हवा ६० अंशांवर चढते. घरी, साध्या तापमानाला वाळवलेले बरेचसे इपॉक्सी याच सुमारास नरम पडू लागतात. शिवाय साग तेलकट, त्यावर डिंक सहजासहजी धरत नाही. आतून थिनरने पुसून घ्यावं लागतं. माझ्या मते चिकटद्रव्यावर भार टाकूच नये. नटाच्या सहा कोपऱ्यांना घट्ट बसेल अशी खोबण कोरावी, म्हणजे तो फिरत नाही. खाली दांडीपुरतं भोक पाडलेली पितळी पट्टी दोन स्क्रूंनी आवळावी, म्हणजे तो निघत नाही. इपॉक्सी फक्त फटी भरायला.

भरीव धातूची मूठ दिसायला झकास, पण याच उन्हात ती हाताला चटका देते. लाकूडही तेवढंच तापलेलं असतं. फक्त ते उष्णता हळू सोडतं.

आणि बंदुकीच्या काडतुसाची किंवा तोफगोळ्याची पितळी पुंगळी? पहिल्या महायुद्धापासून सैनिक रिकाम्या पुंगळ्यांच्या शोभेच्या वस्तू करत आले, परदेशात तशा मुठी विकायलाही असतात. पण ज्या पुलगावाशेजारी केंद्रीय दारूगोळा भांडार आहे, तिथे ‘रिकामी दिसते म्हणजे रिकामीच’ हा सगळ्यात घातक गैरसमज. नोव्हेंबर २०१८ मध्ये जवळच्या सोनेगाव शिवारात नष्ट करण्यासाठी आणलेला जुना दारूगोळा उतरवताना स्फोट झाला आणि ६ जण गेले. कुठूनही आलेल्या असल्या भंगाराला ड्रिल लावू नये, हातही लावू नये. हौसेला बाजारातला पितळी गज पुरतो.

जड मुठीने गिअरबॉक्स सुधारतो, ही आणखी एक आवडती समजूत. वजनामुळे दांडी एकदा हलली की सरकत जाते, हाताला गिअर मऊ वाटतो, इतकंच. गिअर जुळवणारे आतले सिंक्रो आहेत तसेच राहतात. खिळखिळ्या झालेल्या गिअरबॉक्सवर फार जड मूठ बसवली तर खड्ड्यात गिअर निसटायचीही भीती. मूठ हातात छान बसली म्हणून हात सतत तिच्यावर ठेवू नका. तो दाब आतल्या, गिअर सरकवणाऱ्या फोर्कपर्यंत पोचतो आणि फोर्क झिजतो.

आरटीओची धास्ती मात्र फुकटची. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ चा रोख नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत बदलांवर आहे, आणि नोंदणीच्या पुस्तकात गिअरच्या मुठीला रकानाच नाही. रिव्हर्ससाठी मुठीखालची कडी उचलावी लागते अशा गाड्यांत मात्र नवी मूठ त्या कडीच्या वर हालचालीपुरती जागा सोडूनच करावी, नाहीतर गाडी दारातून मागे घेताच येणार नाही. गिअरचा नकाशाही वर कोरून घ्या. गाडी उद्या दुसरं कोणी चालवेल.