विन्स्लोच्या कोपऱ्यावर

मंडळाच्या सहलीत गाणी लावायचे काम यंदाही आमच्याच गळ्यात पडले. लतादीदी झाल्या, बाबूजी झाले आणि कणसे भाजत उभ्या असलेल्या एका काकांनी फर्माईश केली, "अरे, ते ईगल्सचं 'टेक इट ईझी' आहे का?" गाणे सुरू झाले आणि काका, आम्ही व आमची चिरंजीव मंडळी, सगळ्यांचे पाय एकाच ठेक्यावर हलू लागले. गाणे १९७२ सालचे! बिलबोर्डच्या यादीत ते १२ व्या क्रमांकापर्यंतच पोचले होते. त्या वर्षी त्याच्याही वर गेलेली गाणी आज किती जणांना आठवतात?

जॅक्सन ब्राउनने ते लिहायला घेतले आणि दुसऱ्या कडव्यात अडकला. त्याचा मित्र ग्लेन फ्राय याने गाडीचा वेग कमी करून बघणारी मुलगी त्यात आणली आणि गाणे पुरे केले. ध्वनिमुद्रण झाले लंडनला. निर्माते ग्लिन जॉन्स यांनी बर्नी लेडनच्या हाती बँजो दिला, आणि आमच्या मते सारी गंमत तिथेच आहे. नीट कान देऊन ऐका. गायक खाटेवर लवंडल्यासारखा सावकाश गातो, पण खाली बँजो दुगुनीत धावत असतो. शिवाय हा गडी काही निर्धास्त नाही. त्याच्या डोक्याला सात जणींचा घोर आहे! तो धीर देतो आहे तो स्वतःलाच.

हे आम्हाला उमगले २०१९ साली. कंपनीने आमचा विभाग बंद केला. एच-वनवाल्यांना ठाऊकच आहे, हाती ६० दिवस. त्यातले २३ सरले होते. मुलाखतीसाठी आम्ही दोघे आल्बुकर्कीहून पहाटेच लॉस एंजेलिसला निघालो. वाटेत ॲरिझोनातले विन्स्लो. रूट ६६ वरचे हे रेल्वेचे गाव. नवा हमरस्ता बाहेरून गेला आणि बाजारपेठ ओस पडली. मग गावाने १९९९ मध्ये गाण्यातला तो कोपराच उभारला! गिटार घेतलेला पुतळा, भिंतीवर चित्र, कडेला लाल फोर्ड. २०१६ मध्ये फ्राय वारला, त्यानंतर त्याचाही पुतळा तिथे आला.

पुतळ्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढला, आईला पाठवला. तिकडे रात्रीची जेवणे आटोपली होती. लगेच फोन.

"छान दिसताय रे दोघं. सुट्टी काढलीस वाटतं? नोकरी कशी चाललीय?"

"मस्त चाललीय गं!"

हिने आमच्याकडे नुसते पाहिले आणि गाडीची किल्ली मागून घेतली.

ती नोकरी मिळाली नाही. त्यानंतरची मिळाली, ५१ व्या दिवशी. आईला अजून सांगितलेले नाही. आपले वार्तापत्र तिच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून इथे लिहिण्याचे धाडस. पुण्याला जाणाऱ्यांनी कृपया अंक सोबत नेऊ नये.