लढाया जिंकणारा व युद्ध जिंकणारा

लढाई जिंकणें निराळें व युद्ध जिंकणें निराळें. याचा पडताळा ज्यास पाहावयाचा असेल, त्यानें अमेरिकेंतील १८६१ ते १८६५ या वर्षांतील यादवी युद्धाचा वृत्तांत अवश्य वाचावा. त्या देशांत तेव्हां सुमारें ४० लक्ष माणसें गुलामगिरींत खितपत होतीं, व दक्षिणेकडील कापसाचें वैभव त्यांच्याच घामावर उभें होतें. गुलामगिरीच्या प्रसारास विरोध करणारा अब्राहम लिंकन १८६० सालीं अध्यक्ष निवडून येतांच दक्षिणेकडील राज्यें फुटूं लागलीं. अशीं अखेर अकरा राज्यें जेफर्सन डेव्हिसच्या अध्यक्षतेखालीं एक झालीं. १२ एप्रिल १८६१ रोजीं दक्षिणेनें सम्टर किल्ल्यावर तोफा डागल्या व युद्धास तोंड लागलें.

दक्षिणेचा सर्वश्रेष्ठ सेनापति रॉबर्ट ली. त्याचें चरित्र वाचतांना भीष्माचार्यांची आठवण होते. उत्तरेच्या सैन्याचें आधिपत्य त्यास देऊं केलें होतें. परंतु जन्मभूमि व्हर्जिनिया हिच्याविरुद्ध शस्त्र उचलणें त्याच्यानें झालें नाहीं, आणि निष्ठेच्या पाशानें तो अन्यायाच्या पक्षास बांधला गेला. मे १८६३ मध्यें चॅन्सलर्सव्हिल येथें शत्रु जवळजवळ दुप्पट असतां त्यानें आपलें सैन्य विभागलें, जॅक्सनला लांबच्या वळशानें शत्रूच्या बगलेवर धाडलें व विजय मिळविला. परंतु हल्ल्याच्या रात्रीं स्वपक्षाच्याच गोळ्यांनीं जॅक्सन घायाळ झाला व आठ दिवसांनीं वारला. असा विजय पराजयाइतकाच महाग पडतो.

उत्तरेपुढें आरंभींच एक योजना मांडली गेली होती. वृद्ध सेनापति विनफील्ड स्कॉट यानें सुचविलें कीं, समुद्रकिनाऱ्याची नाकेबंदी करावी, मिसिसिपी नदी ताब्यांत घ्यावी व दक्षिणेचा श्वास हळूहळू कोंडावा. अजगराचा विळखा म्हणून वर्तमानपत्रांनीं तिची थट्टा केली. पण जुलै १८६१ मध्यें बुल रन येथें उतावळेपणानें चढाई करून उत्तरेचें सैन्य पळत सुटलें, तेव्हां घाईचें फळ सर्वांस दिसलें. नाकेबंदीचा परिणाम आपल्या मुंबईपर्यंत पोंचला. अमेरिकेचा कापूस अडकतांच येथील कापसास सोन्याचें मोल आलें, आणि १८६५ सालीं युद्ध संपतांच सट्ट्याचा डोलारा कोसळून कित्येक पेढ्या बुडाल्या.

पारडें फिरलें तें जुलै १८६३ मध्यें. गेटिसबर्ग येथें लढाईच्या तिसऱ्या दिवशीं लीनें सुमारें १२ हजार सैनिक उघड्या मैदानांतून टेकाडावरील शत्रूवर सोडले; त्यांतील सुमारें निम्मे मारले गेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. दुसऱ्याच दिवशीं, ४ जुलैस, मिसिसिपीकांठचें व्हिक्सबर्ग ४७ दिवसांच्या वेढ्यानंतर युलिसिस ग्रँटच्या स्वाधीन झालें. ग्रँटनें रात्रीच्या काळोखांत तोफांच्या माऱ्यांतून नावा पार नेल्या, शहराच्या दक्षिणेस नदी ओलांडली व शहर मागील बाजूनें गांठलें होतें. लवकरच सारी नदी उत्तरेच्या हातीं येऊन दक्षिणेचे दोन तुकडे झाले.

मार्च १८६४ मध्यें लिंकननें ग्रँटला सरसेनापति केलें. त्याची नीति साधी होती: सर्व आघाड्यांवर एकाच वेळीं दाब ठेवावयाचा, म्हणजे एकीकडील कुमक दुसरीकडे नेण्यास शत्रूस सवड मिळूं नये. स्वतः तो लीला चिकटून राहिला. शर्मननें अटलांटा घेतलें व रेल्वेचे रूळ आणि कोठारें नष्ट करीत समुद्र गांठला. शिवाय १ जानेवारी १८६३ रोजीं लिंकननें बंडखोर प्रदेशांतील गुलाम मुक्त झाल्याचें घोषित केलें होतें. युद्ध संपेपर्यंत सुमारें १ लक्ष ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेच्या बाजूनें उभे राहिले. ज्यांच्या श्रमांवर दक्षिण उभी होती, त्यांनींच तिच्याविरुद्ध शस्त्र धरलें.

९ एप्रिल १८६५ रोजीं अपोमॅटॉक्स येथें लीनें शस्त्र खालीं ठेवलें. ग्रँटनें पराभूतांस घरीं जाऊं दिलें, नांगरणीसाठीं त्यांचे घोडे त्यांजपाशीं राहूं दिले व उपाशी सैन्यास शिधा दिला. भाऊबंदकी मिटवितांना जिंकणाऱ्यानें कसें वागावें, याचा हा वस्तुपाठच होय.

सहा लक्षांहून अधिक माणसें बळी पडलीं, तेव्हां कोठें त्या वर्षाअखेर राज्यघटनेनें गुलामगिरी बंद केली. १८७३ सालीं जोतीराव फुले यांनीं आपलें 'गुलामगिरी' हें पुस्तक त्या कार्यासाठीं झटलेल्या अमेरिकन सज्जनांस अर्पण केलें. त्या अर्पणाचा अर्थ आपल्यासारख्या सुशिक्षित घरांनीं शांतपणें ध्यानीं घ्यावा. जो अन्याय विवेकानें वेळींच दूर करावयाचा, तो लांबणीवर टाकला म्हणजे त्याचें व्याज पुढील पिढ्यांस रक्तानें फेडावें लागतें.