गोंदियाचा ग्रॅनाइट आणि बर्फाचा दावा

गोंदियाच्या पूर्व सीमेलगतचा डोंगरगड ग्रॅनाइट सुमारे 250 कोटी वर्षांपूर्वी जमिनीखाली खोलवर शिलारस सावकाश थिजून बनला. त्याचे ठळक स्फटिक हाच पुरावा. वरचे थर झिजले तेव्हा तो उघडा पडला. त्याचे गोलसर धोंडे मात्र हिमनदीने घडवलेले नाहीत. भेगांतून पाणी शिरते, ग्रॅनाइटमधल्या फेल्डस्पार या खनिजाची माती होते, कोपरे आधी झिजतात. कोणी म्हणेल, चंद्रपूरजवळ इरई येथे हिमनदीचे ओरखडे आहेतच की! आहेत, पण ते पेनगंगा चुनखडकावर, सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वीचे. आणि गाळाखाली झाकले गेले म्हणूनच टिकले. उघड्या ग्रॅनाइटवर पावसाने तेवढ्या काळात कितीतरी थर सोलून काढले. आजचा आकार त्या पावसाचा.